सात कॅरट चाळीस

शुक्रवारी म्हापशाचा बाजार भरला की
चोरिसांच्या माळा, सुकी सुंगटं, मडकी, मयड्याची केळी ओलांडून
एव्हारिस्तो माझ्या दुकानाची पायरी चढायचा.
हळदोण्याची पहिली बस, बगलेत छत्री,
आणि छत्रीपेक्षा जपून
बिस्किटांचा चौकोनी डबा.

"विकूंक न्हय, शेट. वजन कर फक्त."

बत्तीस वर्षं तारवटी, जहाजाच्या भटारखान्यात.
बाकीच्यांनी बंदरांवरून रेडिओ आणले, अत्तरं, पोरांना जीन्स,
घरासमोर बाल्कांव उभे केले.
ह्याने खडे आणले.
सांतोसचा लांबट अष्टकोनी, जर्दाळूच्या गरासारखा.
कोलंबोचा पांढरा, वाळायचं विसरलेला थेंब.
कराचीच्या धक्क्यावर दोन पगार मोजलेला गुलाबी,
दोन्ही टोकांना निमुळता, तांदळाच्या दाण्याहून थोडाच मोठा.
लागोसचा निळा तर इतका फिका
की पांढऱ्या कागदावर ठेवल्याशिवाय
त्याला निळा म्हणायला जीभ धजत नाही.

माझ्या काचेखालचे गडद निळे बघून तो हसायचा.
"हे शिजवलेले," म्हणायचा,
जन्मभर शिजवण्यावर पोट भरलेला माणूस.

गिऱ्हाइकं गुरूच्या बोटासाठी पुष्कराज मागतात;
तो वेगळा, मी सांगतो, तो नीलमच्या घराण्यातला.
हा टोपाझ. पोलादाला दाद देत नाही,
पण एका विशिष्ट अंगाने टिचकी बसली
तर सरपणासारखा सरळ चिरतो.
म्हणून मी चिमटा उचलला की
एव्हारिस्तो श्वास धरायचा
आणि काटा स्थिर झाल्यावर सोडायचा.

सगळ्यांत शेवटी, फोटोच्या रोळाच्या काळ्या डबीतून,
व्हेराक्रूझचा.
लाकडी पिंपात मुरलेल्या फेणीचा रंग,
उशीसारखा फुगीर चौकोन.
दाराला पाठ करून उघडायचा तो.
"हो वतांत उडटा, शेट." उन्हात रंग उडतो ह्याचा.
वहीत तेव्हाच लिहिलं मी:
सात कॅरट चाळीस. रंग: गडद तपकिरी.
एर्मेलिंदानेसुद्धा तो दिव्याखालीच पाहिलेला.
फेस्ताला एकदा मागितला होता तिने,
निळ्या झग्यावर अडकवायला, एका मिसेपुरता.
नाही म्हणाला.
हे त्यानेच सांगितलं मला, कितीतरी वेळा,
मी विचारलेलं नसताना.

गेल्या साली सात शुक्रवार आला नाही.
आठव्याला आला तो बाहीवर काळी पट्टी लावून.
डबा नव्हता. नुसती डबी.
आत पाण्यासारखा खडा.

"बदलला कुणी?"

"ना रे. तिच्या खिडकीत ठेवला. तीन आठवडे.
खाटेवरून दिसायचा तिला.
रोज सांगायची, आज चहा. आज मध.
आज लिंबाची फोड.
एका सकाळी म्हणाली, आज काही नाही, नुसता उजेड.
हसली पण.
वजन कर."

मी केलं. दोनदा केलं.
सात कॅरट चाळीस.
वहीत जुन्या ओळीखाली आकडा तोच लिहिला,
रंगाच्या रकान्यापाशी पेन थांबलं,
शाईचा एक ठिपका पडला, तो तसाच आहे.

त्याने खडा उचलला, सदऱ्याच्या खिशात टाकला.
"डबी राहिली," मी म्हटलं.
"असू दे. आता काळोख कशाला त्याला."

खिशात बसचे सुट्टे पैसे वाजत होते.
अहो, नाण्यांवर आपटेल, चिरेल, मी ओरडलो,
पायरीपर्यंत धावलो.
छत्री न उघडता
तो भर दुपारच्या बाजारात शिरला होता.