धर्माच्या रकान्यात

सीबीएसकडून आलं की कोर्टाच्या भिंतीलगत
तिसरं टेबल माझं.
निळी ताडपत्री, जुनी रेमिंग्टन.
'ध' दाबला की काडी अडकते, बोटानं मागे ओढावी लागते.
बाकी सगळी अक्षरं शाबूत.
भाडेकरार, हरवलेल्या मार्कशीटा, नावात बदल.
धर्मातही बदल.
रेट एकच, पानाला चाळीस.

स्टॅम्पपेपर नाशिकरोडला छापतात.
माझे मिस्टर प्रेसमध्ये होते, एकतीस वर्षं.
सुटताना गेटवर झडती,
डब्यातली उरलेली भाकरीसुद्धा उलटी करून.
म्हणायचे, पुढे कुणाच्या नावावर काय टाइप होणार
हे मशीनला कळत नाही,
म्हणून ती नीट चालते.
मी तेव्हा हसले होते.

सोमवारी हेमलता गांगुर्डे आली.
सिव्हिलमधली नर्स, रात्रपाळीचे डोळे.
मुलीचा फॉर्म पुढे सरकवला.
धर्माच्या रकान्यात काही नको.
'मोठी झाली की तिचं ती भरेल.
नाहीतर नाही भरणार.'
शाळा म्हणते कोरं चालत नाही,
कॉम्प्युटर पुढच्या पानावर जात नाही.
अ‍ॅफिडेव्हिट आणा.

'मी सत्यप्रतिज्ञेवर सांगते की'
इथवर बोटं आपोआप गेली
आणि थांबली.
नसण्याची शपथ मी कधी टाइप केली नव्हती.

तेवढ्यात चहा आला, चहामागून वकील.
मोगल, निफाडचे, मराठा,
आडनावाचा खुलासा करून करून थकलेले,
म्हणाले, सरकारनं देवाच्या भानगडीत पडूच नये.
शरणपूरचे सॅम्युएल साळवे हसले.
'सिंहस्थाच्या टेंडरा वाचल्यात?
आमच्या दफनभूमीची भिंत पडली, तर महापालिका म्हणते
धार्मिक बाब, आमच्याकडे हेड नाही.'
'त्या नव्या रस्त्यावरून तुमचीही स्कूटर जाईल की.'
'जाईल ना. दोन पावसाळ्यांनी
खड्डे चुकवत.'
हमीदा कोकणी, ज्युनिअर, ग्लासात बघत बोलली,
'मी डोक्याला रुमाल बांधला की नाही बांधला
यावर कुणी पत्रक काढू नये.
मौलानांनी नाही, मंत्रालयानंही नाही.
माझी मागणी एवढीशीच आहे.'
पोऱ्यानं विचारलं, साखर जास्त झाली का?

हेमलता ऐकत उभी होती.
'माझा पणजोबा पंचवटीत उभा होता,
रामाच्या बंद दारासमोर.
घरात सांगतात, तेव्हाचा साहेब म्हणाला
हा तुमच्या धर्माचा मामला, आम्ही मधे पडत नाही.
मधे न पडणारा
आधीच एका बाजूला पडलेला असतो, वकीलसाहेब.
पुढे कायद्यानं दार उघडलं,
तर म्हातारा आत गेलाच नाही.
त्याला दर्शन नको होतं.
दार हवं होतं.'

मोगलांनी ग्लास खाली ठेवला.
'मग सरकारनं आत यावं की बाहेर राहावं?'
'दारापर्यंत यावं. बिजागरीला तेल घालावं.
गाभाऱ्यात काय काम?
आणि माझ्या पोरीच्या फॉर्मात तर मुळीच नाही.'
'ऐकायला छान. हायकोर्टात टिकायचं नाही,' साळवे.
'टिकवायला कुणी गेलंय का अजून?' हमीदा.
साडेअकराची तारीख होती, तिघंही पळाले.
चहाचे पैसे माझ्याच वहीत.

मी रकान्यात आडवी रेघ मारली.
एकच असली तर चूक वाटेल,
म्हणून सहा मारल्या.
चाळीस घेतले. रेट एकच.

गुरुवारी ती परत आली.
कॉम्प्युटर रेघ घेत नाही म्हणे.
या वेळी मुलगी सोबत, दोन वेण्या, एक सुटलेली.
मी नवा कागद चढवला.
'धर्म' टाइप करताना
ध अडकला, बोटानं सोडवला.
पुढे काय लिहू, म्हणून आईकडे पाहिलं.
आई मुलीकडे पाहत होती.
मुलगी माझ्या मशीनकडे.
'मी दाबू एक?
कुठलंही?'