परतीची नळी

सकाळी सहाला पिंप भरलं.
पंपाला दोन नळ्या, एक जाणारी, एक येणारी.
इल्पो म्हणाला, "जाणारीकडे बघत बसू नकोस, नेआ.
जे काय सांगायचं ते येणारी सांगेल."
एवढं बोलून त्यानं थर्मासमधली कॉफी ओतली
आणि दुपारपर्यंतचे शब्द संपवून टाकले.

तळ्याच्या तळाशी चारशे मीटर पाइप,
मीटरागणिक सिमेंटचं एकेक वजन.
परवाच सोडला आम्ही, होडीतून,
वेटोळी उलगडत.
जानेवारीत वर हातभर बर्फ साचतो
तेव्हाही तिथं खाली चार अंश असतात,
कुणी न मागितलेले,
नुसते पडून.

पंप आधी खोकला.
मग धरला त्यानं.
येणारी नळी पिंपात थयथयाट करू लागली,
फुसफुस, फेस, पुन्हा फुसफुस,
आणि पाणी कसलं, घुसळलेलं ताकच,
इतकी बारीक हवा त्यात.

तासाभरानं फिल्टर उघडला.
पाइप कापताना पडलेले काळे कुरळे कीस,
चिमूटभर वाळू,
आणि एक गांधीलमाशी, पंखांसकट अख्खी.

मंगळवारी टोकाला टोपण लावायचं
मी विसरले होते.
रात्रभर तो पाइप इर्याच्या अंगणात
गवतात तोंड उघडून पडला होता.

इल्पोनं ती माशी दोन बोटांनी उचलली,
पिंपाच्या काठावर ठेवली, वाळत घातल्यासारखी.
बोलला नाही काही.
बोलला असता तर बरं झालं असतं.

दुपारी ताक निवळलं. तळ दिसू लागला पिंपाचा.
मला वाटलं, झालं.
"येणारीचा व्हॉल्व्ह बंद कर. आता पाण्यावर नजर."
पिंपातलं पाणी चार बोटं खाली गेलं.
पाणी दाबलं तर दबत नाही.
हवा दबते, जागा करून देते,
आणि व्हॉल्व्ह उघडला की पुन्हा होती तशी.
म्हणजे चार बोटांची हवा
अजून आत कुठंतरी दडून होती.

पायरीवर माशांचे खवले काढत बसलेली इर्या,
हातातली सुरी न थांबवता म्हणाली,
"लव्हाळ्यापलीकडं एक हौकी मासा पाठ वर काढून बसलाय.
सकाळपासून जरा म्हणून हललेला नाही."

इल्पोनं माझ्याकडं पाहिलं.
मी होडी सोडली.

हौकी नव्हताच तो. पाइप होता,
एक वजन सुटून शेजारच्या वजनाला जाऊन टेकलेलं,
मधली कमान हवेनं तरंगलेली,
वर ऊन खात.
होडीचा नांगर बांधला त्याला.
वल्ह्यानं दाबून धरला, छातीचा भार टाकून,
आणि ओरडले, "उलटा फिरव!"

वल्ह्यातून हाताला कळलं
काहीतरी सरकून गेलं खालून,
झोपेत कुणी कूस बदलावी तसं.
मग काठावर नळीनं ढेकर दिला,
लांबलचक, निर्लज्ज,
इर्या सुरी ठेवून हसली.

पुढचं सोपं होतं. व्हॉल्व्ह बंद केला, पाणी जागचं हललं नाही.
मग स्पिरिट ओतलं, पाणी गोठू नये म्हणून.
अंगणभर दारूचा वास.
"टाउनो असता," इर्या म्हणाली,
"तर नळीखाली पेला धरून उभा राहिला असता."
आणि जराशानं,
"तळं गार पडेल का रे, आमच्यामुळं?"
"ढग आल्यावर पडतं तेवढंही नाही," इल्पो म्हणाला.
ती तळ्याकडं बघत राहिली.
लाकडाची रास मात्र यंदाही रचणार म्हणाली,
निदान अर्धी.

अर्धा तास गेजचा काटा दीडावर.
आम्ही तिघं त्या काट्याकडं बघत उभे,
बोलण्यासारखं काही नव्हतं.

निघताना गाडीत उरलेल्या पाइपाचं वेटोळं.
दोन्ही टोकांना टोपणं, मीच लावलेली.
फाटकापाशी गाडी थांबवायला सांगितली,
उतरले,
पुन्हा एकदा हात लावून पाहिलं.
इल्पोनं इंजिन बंद केलं नाही,
घाईही केली नाही.