ओढ

ओतियाच्या मॉस्कविचला मुळात आकाशी रंग होता म्हणतात.
मी पाहिली तेव्हा होता नुसता गंज,
आणि गंजाला धरून राहिलेली थोडीशी गाडी.
दाराला आतून कडी, कोंबड्यांच्या खुराड्याची,
खिडकीतून हात घालून काढायची.
"रशियन लोखंड आहे, मरत नाही," ओतिया सांगायचा.
"मरत नाही," त्सियाला म्हणायची. "मारतं."

नोव्हेंबरात राचाहून कुताइसीला निघालो,
तिच्या भाचीच्या बाळाचा बाप्तिस्मा.
मागे मी, शेजारचा बद्री, वय अकरा,
मांडीवर दुलईत गुंडाळलेलं भाजलेलं डुकराचं पिल्लू,
नाक तेवढं बाहेर.
पाय मी वर घेऊन बसलेलो,
कारण पायाखाली रस्ता होता.
अगदी खरा रस्ता, खडीसकट, पळणारा.

नाकेरालाच्या घाटात ओला बर्फ सुरू झाला
आणि वायपरनं मान टाकली.
ओतिया उतरला, डिकीतून कपडे वाळत घालायची दोरी काढली,
एक टोक त्याच्या खिडकीतून, एक तिच्या,
मध्ये वायपर, गाठीवर गाठ.
"मी ओढतो, तू सोड. तू ओढ, मी सोडतो."
"चाळीस वर्षं दुसरं काय करतेय?" ती म्हणाली.

"तुझ्या भावानं नेलेली गाय..."
सर्र. काच साफ.
"तुझ्या आईनं ठेवून घेतलेली माझी शाल..."
सर्र.
"ॲकॉर्डियन कुणी विकला?"
"छप्पर कुणी गळू दिलं?"
सर्र, सर्र.
उघड्या खिडक्यांतून बर्फ आत येत होता,
त्याचा डावा गाल पांढरा, तिचा उजवा,
पण समोरचा रस्ता कसा लख्ख!
एकेक वळण, एकेक दगड दिसत होता.

मग ओतिया, काही गरज नसताना, म्हणाला,
राजम्याची भाकरी तुझ्या बहिणीचीच खरी.

त्सियालानं दोरी सोडली.
हात मांडीवर. ओठ बंद.
त्यानं आपलं टोक ओढलं, वायपर त्याच्याकडे आला
आणि तिथेच राहिला, माहेरी आल्यासारखा.
एका हाताने टाळी वाजत नाही हे ऐकून होतो,
वायपरचंही तसंच असतं हे त्या दिवशी कळलं.
काच पांढरी झाली. जग पांढरं झालं.
"त्सियाला," तो म्हणाला. "त्सियाला, ऐक ना..."
आणि आमचा गंज
कुणाच्या तरी गवताच्या गंजीत शिरला.

मऊ धक्का. मग तिच्या बाजूचं दार,
थोडा विचार करून,
पडलं.
हॉर्न, जो सहा वर्षं वाजला नव्हता, वाजायला लागला
आणि थांबेना.

कंदील घेऊन एक म्हातारी धावत आली,
मागची दुलई पाहिली, चिमुकला आकार पाहिला.
"अगं बाई! बाळ बरं आहे ना?"
"भाजलंय," मी म्हणालो.
तिच्या हातून कंदील निसटला.

आधी त्सियाला हसली.
कडेला बसून, बर्फात, पोट धरून,
हॉर्नच्या वरताण.

मग तिघांनी ढकलून गाडी काढली,
दार टपावर बांधलं, उरलेल्या दोरीनं.
पुन्हा बर्फ. पुन्हा घाट.
दोरीचं टोक तिच्या हातात, पण ती गप्प.
काच हळूहळू धुरकट होत चालली.
"बोल काहीतरी," ओतिया म्हणाला.
"काय बोलू?"
तो बराच वेळ स्टीअरिंगला धरून बसला.
"माझ्या आईबद्दल बोल."

त्सियालानं खाकरून घसा साफ केला,
आणि दोरी मनगटाभोवती
दोनदा गुंडाळून घेतली.