खाल्ल्या मिठाला

आमच्या भाषेत मुलामा हा शब्द
कुणी चांगल्या अर्थानं वापरल्याचं आठवत नाही.
वरवरचा, म्हणतात. आतून वेगळाच निघाला, म्हणतात.
माझं पोट मात्र मुलाम्यावरच चालतं.

सोहारच्या बंदरामागे, टाक्यांच्या रांगेपलीकडे
आमची प्रयोगशाळा: तीन खोल्या, एक खारट पेटी,
आणि बाहेर समुद्राकडे कललेले एकशे ऐंशी लोखंडी पत्रे,
वाळत घातलेल्या सांडग्यांसारखे,
फक्त यांना संध्याकाळी कुणी आत नेत नाही.

रय्या अल् मामरी राळ घोटते.
तीत काचेच्या पापुद्र्यांची पूड,
कधी सिरॅमिकचे पोकळ मणी, पिठीसाखरेहून बारीक.
म्हणते, पाण्याला सरळ वाट द्यायची नाही,
वळणं घ्यायला लावायची, दमवायचं त्याला.
तिचे आजोबा होडीला मुशीच्या काळजाचं तेल चोपडायचे,
एवढं एकदाच सांगून ती पुन्हा तराजूकडे वळली.

पत्रा रंगवून सुकला की माझं काम:
पात्यानं त्यावर फुली मारायची, पार लोखंडापर्यंत.
नव्या पोरांना ते जड जातं.
एवढं नीट केलं, आणि लगेच ओरखडा?
ओरखडा नसताना काय, कुणीही टिकतं, मी म्हणतो.
जखमेपासून गंज किती मिलिमीटर सरकला,
आपण तेवढंच मोजायचं.

एकशे सतरा नंबरचा पत्रा जखमेनं गेला नाही.
चौदाशे तासांनी पेटी उघडली, वाफ चष्म्यावर,
फुली स्वच्छ, कडा घट्ट धरून बसलेल्या,
आणि खाली डाव्या कोपऱ्यात,
जिथं आम्ही काहीच केलं नव्हतं,
बारीक फोडांची लंबगोल ओळ. तिच्या आत आणखी ओळ.
भिंग धरलं.
अंगठा.

रंगाच्या आधीचा. नागड्या लोखंडावर टेकलेला,
मोज्याविना, पत्रा उचलताना, क्षणभर.
घामातलं मीठ तिथंच राहिलं
आणि दोनशे ऐंशी मायक्रॉनच्या आतून
त्यानं पाणी बोलावून घेतलं.
लोखंडच ते. खाल्ल्या मिठाला जागलं.

कुणाचा, हे शोधायची काही गरज नव्हती.
तरी आम्ही एकेक अंगठा शेजारी धरून पाहिला.
रय्याचा निमुळता. शाजीचा नाही. माझाही नाही.
या ठशाच्या मधोमध मसुरीएवढी कोरी जागा,
रेषा फक्त कडेला.
शाजी म्हणाला, मोतालेब.

मोतालेब मियाँ, चितगावकडचा. अकरा वर्षं
गार्नेटच्या फवाऱ्यानं लोखंड घासून पांढरं करायचा.
फाटकावरचं यंत्र त्याचा अंगठा ओळखायचं नाही.
पूस, थुंकी लाव, पुन्हा ठेव. नाहीच.
मग रखवालदार वहीत नाव लिहायचा
आणि तो आत यायचा सात मिनिटं उशिरा,
ती मिनिटं पगारातून कापलेली.
मार्चमध्ये करार संपला.
जाताना उरलेल्या रंगाचा एक डबा मागत होता,
घरावरच्या पत्र्यांसाठी.
विमानात चालत नाही, असं मीच त्याला सांगितलं.

अहवालात कारणाचा रकाना असतो.
लिहिलं: पृष्ठभागावर क्षार, हाताळणीतून.
नाव कुणी विचारलेलं नव्हतं.

नापास पत्रे मंगळवारी भंगारात जातात.
एकशे सतरा रय्यानं बाजूला काढला,
मोजे घालून, कडेला धरून,
आणि उघड्या खिडकीत ठेवला. खारा वारा तिथंही येतो.
फोड अजून वाढतायत.
सोमवारी मी जाऊन बघतो, वहीत मांडत नाही.
या सोमवारी मधली कोरी जागाही
किंचित फुगल्यासारखी वाटली.