किती उरलंय

डलूथमधलं माझं तळघर. गुरुवार, रात्रीचे नऊ.
सरोवर गोठलंय, भट्टी घरघरतेय,
टेबलावर चौकटींचा कागद, त्यावर पेन्सिलीने काढलेली गुहा.
सहा नाणी म्हणजे सहा पिशाच्चं,
मिठाची बाटली म्हणजे राक्षस.
मी पुठ्ठ्याच्या आडोशामागे. राक्षसाचा जीव किती,
ते फक्त मला ठाऊक.

लोवेल दारात उभा. म्हणजे त्याचा शिशाचा माणूस,
बोटभर उंच, ढालीचा रंग उडालेला.
तीस वर्षं खनिजाच्या धक्क्यावर राबलेला गडी,
त्याला एकच डावपेच येतो: अरुंद जागा गाठायची
आणि हलायचं नाही.
"दार एका चौकोनाचं. एका वेळी एकच येईल अंगावर."
खिंड लढवणं ते हेच. तो नुसतं म्हणतो,
"मी इथे आहे."

माय येर मागे अंधारात, धनुष्य ताणून,
इस्पितळाचा निळा गणवेश अजून अंगावर.
म्हणते, डावी बगल उघडी आहे,
मागे सरा, पूल ओलांडा, मग पूल तोडा.
शहाणी आहे. तिचं कुणी ऐकत नाही.

आग आर्डिसकडे.
शाळेची बस वळवणारे तिचे हात
चौकोन मोजतात, चार इकडे, चार तिकडे:
वर्तुळात पाच पिशाच्चं, राक्षस,
आणि लोवेल.
पुन्हा मोजते. बोट एक घर मागे घेते.
लोवेल सुटतो, पण राक्षसही सुटतो.

आठ वर्षं झाली दोघांना वेगळं होऊन.
घर विकलं. कुत्रा तिच्याकडे, होडी त्याच्याकडे.
गुरुवार कुणाचा, हे वकिलाने विचारलंच नाही,
म्हणून दोघंही येतात.
निघताना तो तिच्या गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडतो,
ती आत बसून हीटर लावते.

"किती उरलंय तुझ्यात?"

खेळात हे सांगावंच लागतं.
लपवलं की सगळी टोळी मरते.
"अकरा," तो म्हणतो.
मग खोडून खोडून भोक पडलेल्या कागदाकडे बघत,
"नाही. सात."

एकोणीस वर्षांच्या स्वयंपाकघरात
हा आकडा तिला कधी मिळाला नव्हता.
"माझ्यात चार," ती म्हणते.
तिला कुणी विचारलं नव्हतं.

"टाक," लोवेल म्हणतो. "मोजलंयस ना? मग टाक."

आठ फासे. मुठीत घोळवते, फुंकर मारत नाही.
दान पडतं. पिशाच्चं जळतात.
मिठाची बाटली मी हळूच आडवी करतो.
तिच्यात तीन उरले होते. ते आडोशामागेच राहिले.

आता लोवेलची पाळी. वीस बाजूंचा एक फासा:
ढालीआड दडता आलं तर जगला.
तो जोरात टाकतो, नेहमीसारखाच,
आणि फासा टेबलावरून उडून भट्टीखाली जातो.

चौघंही गुडघ्यांवर. फोनचा उजेड, धूळ, एक जुना मोजा.
खाली दिसेल तो आकडा धरायचा की पुन्हा टाकायचा,
यावर आर्डिस आणि लोवेलचं भांडण जुंपलंय,
डोक्याला डोकं लागेल इतक्या जवळून.

"मी म्हटलं होतं," माय येर म्हणते,
"पूल ओलांडा."