वहीत न धरलेली वाम

मच्छीमार सोसायटीच्या वह्या तपासून झाल्या तेव्हा
शेवटची एसटी अर्जुनीकडे निघून गेलेली.
सचिव मधुकर वलथरे म्हणाले, साहेब, आता मुक्काम करा,
पोरगा आला आहे जपानहून, आज तोच रांधणार.
मी बावीस वर्षं ऑडिट करतो.
जपान आणि हे गाव एका ओळीत कधी वाचलं नव्हतं.

पोरगा ओमदेव. तीन वर्षं तिकडच्या एका बंदरात
मासे कापायच्या कारखान्यात होता.
सुरी तिकडची, लांब, कापडात गुंडाळलेली,
आईनं हात लावायचा नाही असं बजावलेली;
आईनं दुपारीच तिनं कांदा चिरलेला.

अंगणात बाभळीच्या निखाऱ्यांवर वाम.
पहाटे जाळ्यात आलेली, हातभर,
पाठीतून उघडून सळईत ओवलेली.
तो बाटलीतलं काळं काहीतरी कोंबडीच्या पिसानं फासत होता.
सोयाबीनचं, म्हणाला.
आमच्या यार्डात ज्याची पोती भिजत पडतात तेच,
तिकडं वर्षभर मुरतं.
त्यात गूळ. आणि थोडी मोहाची, साहेब, लिहू नका.
लिहिली नाही.

आधी वाटीत पाणी आलं.
लाकडाच्या ढलपीसारखा वाळका मासा किसून केलेलं.
फुलवंताबाईंनी घोट घेतला :
"हे तं भांडे धुतलेलं पानी व्हय गा."
पोरगा हसला नाही.
"मलेही पहिले तसंच वाटे. मंग महिन्यानं
त्याच पान्यात समुद्र लागला."

मी पुन्हा घोट घेतला.
समुद्र मी एकदाच पाहिला, अलिबागला, प्रशिक्षणात,
चपला हातात धरून.
तो या वाटीत नव्हता.
दुसरा कुठला तरी होता, थंड, न ओरडणारा.

आणि कच्चा मासा? मी विचारलं, जरा जाणकारीनं.
तळ्यातला कच्चा खाऊ नये, किडे असतात, म्हणाला.
मग त्या म्हातारीचं निघालं, जिच्या घरी तो राहायचा.
"ते विचारे, तुह्या गावाचा समुद्र कोनता?
मी सांगो, तलाव आहे, कोहळ्यायनं खोदला.
ते म्हने, हातानं?
मी म्हनो, हातानं.
मंग एक तुकडा जास्त वाढे."

भात चिन्नोरचा. त्याला हवा तसा चिकटेना,
दाणा न् दाणा सुटा, सुगंधी, हट्टी.
तो वर वाम ठेवत राहिला, भात घसरत राहिला.
बांबूच्या काड्या त्यानंच तासलेल्या; मला जमल्या नाहीत.
मी हातानं खाल्लं.
करपलेली कातडी, खाली लोणी,
आधी गोड, मग धूर,
मग काही वेळ बोलताच आलं नाही.

तेवढ्यात फुलवंताबाईंनी आतून झिंग्यांची चटणी आणली,
न विचारता सगळ्यांच्या भातावर ठेवली.
ओमदेवनं पहिला घास तिचाच घेतला.
म्हणजे आता हे अस्सल जपानी राहिलं नाही, मी म्हणालो.
"साहेब, परवासात तुम्ही आहा. मी घरी आहो,"
म्हणाला, आणि चटणी आणखी मागितली.

सकाळी अहवालाच्या शेवटी लिहिलं :
अतिथी खर्च, निरंक.
हात तीनदा धुतले होते.
तरी एसटीत सुटे पैसे घेताना कंडक्टर थबकला,
माझ्या बोटांकडे पाहिलं,
आणि विचारलं, कोणत्या गावाला होता?