सोळाशे

आधी अडतीस टक्क्यांवर अडलं.
मग एकाहत्तरवर. मग अकरावरच.
अडायचंच तर रोज एका जागी अडावं,
म्हणजे कळतं तरी, दगड कुठे आहे.

नोदार म्हणाला, पेनड्राइव्हच खोटा.
रिओनीच्या पुलापलीकडून नवा आणला, उधारीवर.
पडद्यानं पुन्हा तेच सांगितलं,
फक्त वेगळ्या आकड्यात.

सकाळी आठला त्सिआलाबाई येणार.
त्यांच्या शाळेचं हे एकच यंत्र,
सोमवारी मुलांचे दाखले छापायचे.

रात्री मग मेमरीची चाचणी लावली.
बाहेर कुताइसी धुक्यात गडप,
आत एक शेगडी, तिचीही एकच तार लाल.
पहिली फेरी कोरी गेली.
दुसरीत एक ओळ उठली,
मग कांजिण्या फुटाव्यात तशा
वरपासून खालपर्यंत.

नोदारनं खटके दाबून पट्ट्या उपसल्या,
सोनेरी दातांवरून खोडरबर फिरवला,
आणि फुंकर मारली,
जी मारू नये, थुंकी उडते,
हे मला त्यानंच शिकवलेलं.

एकटी पहिली लावली : तासभर एकही चूक नाही.
एकटी दुसरी : तीही धुतल्या तांदळासारखी.
खाचा बदलल्या, खाचाही निर्दोष.
दोघी शेजारी बसवल्या की
पुन्हा कांजिण्या.

पहाटे साडेतीनला लेबलं वाचली,
जी संध्याकाळीच वाचायची असतात.
एक सोळाशेची. दुसरी तेराशे तेहतीसची.
आणि सेटिंगच्या आतल्या पानावर
कुणीतरी हातानं सोळाशे ठोकून ठेवलेलं,
दोघींसाठी.

कुणीतरी म्हणजे मी.
गेल्या उन्हाळ्यात, शिकाऊ होतो,
दुसरी पट्टी घालताना.
बाईंना म्हणालो होतो, बघा, आता कसं पळतं.
तेव्हापासून ते अधूनमधून रुसायचं
आणि आम्ही विजेला शिव्या द्यायचो,
शेवटी जुन्या सिस्टिमलाच पुसून टाकलं बिचारीला.

आकडा खाली आणला.
सोळाशेवालीला आता
सोबतिणीच्या चालीनं चालायचं होतं.
अकरा गेलं. अडतीस गेलं.
एकाहत्तरला आम्ही दोघांनीही
चहाचा ग्लास हातातच धरला.

बाई आल्या, बुटांना चिखल,
पिशवीत आमच्यासाठी गरम खाचापुरी.
विचारलं, काय बिघडलं होतं?

मी शेगडीची वायर गुंडाळत राहिलो.
नोदार माझ्याकडे न बघता म्हणाला,
काही नाही हो. घाई झाली होती त्याला.